कार्लाइल १९१२: पराक्रम पोरांचा की जाहिरात शाळेची?

रानवाट: फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा. पेनसिल्व्हेनियातल्या, अमेरिकेच्या मूलनिवासी पोरांसाठीच्या कार्लाइल इंडियन शाळेच्या संघाने १९१२ च्या हंगामात १४ पैकी १२ सामने जिंकले. एक बरोबरीत सुटला, एकच गेला, तोही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६. ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटवर लष्करी अकादमीला २७-६ असं लोळवलं. कर्णधार जिम थॉर्प, त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमहून दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन आलेला. अमेरिकी सैन्याने वूंडेड नीला मूलनिवासींची कत्तल केली त्याला जेमतेम २२ वर्षं झाली होती आणि त्याच सैन्याचे होणारे अधिकारी समोर होते! माझ्या मते कॉलेज फुटबॉलचा याहून मोठा हंगाम नाही.

खडूस_काका: मोठा कुणासाठी? ही शाळा १८७९ मध्ये काढली तीच मुळी मूलनिवासी पोरांमधला 'इंडियन' पुसून टाकायला. आल्या आल्या केस कापायचे, नाव बदलायचं, मायबोली बोलायला बंदी. शाळेच्या दफनभूमीत दीडशेहून जास्त पोरं पुरली गेली. संघ जिंकला की जग म्हणणार, बघा, शाळा किती छान! तुम्हीही शंभर वर्षांनी तेच म्हणताय.

रानवाट: काका, मी शाळेचं कौतुक कुठे केलं? पोरांचं केलं.

तिसरी_घंटा: माझी हरकत वेगळी. कार्लाइल कॉलेजच नव्हतं, औद्योगिक शाळा होती. खेळाडू मात्र विशीतले, काही त्याहून मोठे. मग हा 'कॉलेज हंगाम' कसा?

मैदानी: घंटाताई, उलट बाजूही बघा. हार्वर्डसारख्यांकडे निवडायला केवढी पोरं! कार्लाइलकडे मूठभर, अंगानेही हलकी. म्हणून तर डोकं चालवावं लागलं. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध चेंडू जर्सीत पाठीवर दडवून धावले होते, तरी १२-११ ने हरले, ते सोडा. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकून पास करायला परवानगी मिळाली आणि १९०७ मध्ये याच संघाने तो पास हत्यार म्हणून वापरला. १९१२ मध्ये वेस्ट पॉइंटला गडी दोन्ही टोकांना बाहेर सरकवून उभे केले. चेंडू कुणीकडून येणार ते समोरच्यांना शेवटपर्यंत उमगेना. हे शाळेने शिकवलं का?

खडूस_काका: प्रशिक्षक पॉप वॉर्नरने शिकवलं. तोच वॉर्नर, ज्याच्या हातात सामन्यांच्या तिकिटांचा पैसा होता. संघ हंगामभर परगावी फिरायचा कशासाठी, तर गल्ल्यासाठी. १९१३ मध्ये थॉर्पने पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचं निघालं, तेव्हा पदकं गेली पोराची. प्रशिक्षक म्हणे, मला काही माहीतच नव्हतं! पटतं का हो?

रानवाट: नाही पटत. पण मग पुढचंही सांगा. १९१४ मध्ये संसदीय चौकशी बसली ती संघातल्याच गस वेल्शने चौकशीच्या अर्जावर विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या म्हणून. त्याच्या सहकाऱ्यांनी वॉर्नरच्या शिवीगाळीबद्दल उघड साक्षी दिल्या. वॉर्नर पिट्सबर्गला निघून गेला, १९१८ मध्ये शाळा बंद पडली. ही पोरं जाहिरातीतली बाहुली असती तर एवढी बोलली असती का?

मैदानी: अवांतर: वेस्ट पॉइंटच्या त्या सामन्यात पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर लष्करी अकादमीकडून होता. थॉर्पला अडवताना त्याचा गुडघा गेला असं फॉरवर्ड फिरतं. खरं तर गुडघा गेला पुढच्या आठवड्यात, टफ्ट्स कॉलेजविरुद्ध.

खडूस_काका: वेल्शचा मुद्दा मान्य. पण मग धाग्याचं नाव १९१२ का? १९१४ टाका. पोरांचा खरा सामना तोच.

रानवाट: नाव राहू द्या, काका. अर्जावर सह्या घ्यायची हिंमत वेस्ट पॉइंटच्या मैदानातूनच आली असं मला वाटतं. पुरावा नाही, भांडायला या.