पणजोबांचा माग काढताना: कुठला कागद, कुठे, आणि त्यात काय वाचायचं

मंडळी, घराण्याचा इतिहास म्हटलं की सनदा, बखरी आणि वतनं डोळ्यांसमोर येतात. बहुतेकांना मात्र एक साधा माणूस शोधायचा असतो. १८७० ते १९०० च्या दरम्यान जन्मलेले पणजोबा किंवा पणजी, ज्यांचं नाव घरात ठाऊक आहे आणि बाकी काहीच नाही. ज्यांना दफ्तरांची, मोडीची, वह्यांची चांगली जाण आहे त्यांनी इथे नेमकं लिहावं ही विनंती. कागदाचं नाव, तो कुठे असतो, त्यात काय निघतं आणि कुठे फसगत होते, एवढं आलं तरी शोधणाऱ्याचे पुष्कळ हेलपाटे वाचतील. आलेली उत्तरं खाली, विषयाच्या किंवा लिहिणाऱ्याच्या नावाखाली.

तलाठी दफ्तर

सातबाऱ्यावर थांबू नका, फेरफारापर्यंत जा. जमीन आज कोणाची हे सातबारा सांगतो, ती त्याच्याकडे कशी आली हे फेरफार सांगतो. उताऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. त्यातला सगळ्यांत जुना घ्यायचा, त्याची नक्कल काढायची, तीत आधीच्या खातेदाराचं नाव मिळतं, मग त्याचा फेरफार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे या वाटेने साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकापर्यंत जाता येतं. जुन्या फेरफार वहीला 'ड पत्रक' म्हणतात, खिडकीवर तेच नाव सांगा. बऱ्याच जिल्ह्यांतली जुनी पानं 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवली आहेत, आधी तिथे बघा.

सोनं असतं ते वारसाच्या नोंदीत. मजकूर साधारण असा येतो: 'खातेदार राणू बिन बाबाजी मयत. वारस मुलगे १) धोंडी वय २२, २) गणू वय ९ अ.पा.क. आई सखू कोम राणू.' या दोन ओळींत तीन पिढ्या आहेत. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वलद'चा अर्थही तोच. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मुलगा सज्ञान नव्हता. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे दिसलं की समजा, नाव एकाचं असलं तरी मागे भाऊ आहेत. वयांवरून जन्मसाल काढताना दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा.

नोंदीची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. वर्दी द्यायला लोक वर्षानुवर्षं लावत, कधी कर्ज काढायचं झालं तेव्हाच वारस लागे. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीच्या नोंदींत मुली बहुधा नसतातच. वारसांत नाव नाही म्हणून बहीण नव्हती, असा निष्कर्ष काढू नका.

साखळी हमखास तुटते ती गटांपाशी. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, पण गावागावात योजना वेगवेगळ्या वर्षी लागू झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर जुळवून देणारा तक्ता आणि एकत्रीकरणाचा जबाब तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मिळतो. तो हातात आल्याशिवाय पुढे गेलात तर दुसऱ्याच कुणाचा पणजोबा घरी घेऊन याल. दुसरी जागा कूळकायद्याची. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांची नावं मालक म्हणून चढली. त्यामुळे पणजोबा जमीन कसत होते पण कब्जेदार दुसराच दिसतो, असं असेल तर इतर हक्काचा रकाना आणि पीकपाहणी वाचा, नाव तिथे असतं.

घरची जमीनच नसेल तरी निराश होऊ नका. ग्रामपंचायतीचं घरपट्टी आकारणीचं रजिस्टर बघा. महार, रामोशी अशा गावकामगार वतनांची स्वतंत्र रजिस्टरं होती, त्यात हिस्सेदारांची नावं तक्षिमांसकट (वाट्यांसकट) असतात. कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्याने गेली, त्या वेळच्या फेरफारांत अख्खी भावकी एका पानावर सापडते.

नमुना चौदा

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४ मागा, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. आधी नकलेचा अर्ज करू नका, पाहणीचा करा. नक्कल मागायची तर नेमकी तारीख लागते आणि नेमकी तारीखच तर आपल्याला हवी असते.

जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेक नसतं. बारशाच्या आधी वर्दी गेलेली, म्हणून नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव. म्हणजे शोध बापाच्या नावावर घ्यायचा, एका बापाची सगळी मुलं क्रमाने उतरवायची आणि मग शाळेच्या वयाशी ताडून कोणता आपला ते ठरवायचं. मृत्यूच्या नोंदीत वय, जात आणि कारण असतं. कारणाच्या रकान्यावर फार विसंबू नका, गावपातळीवर निम्म्या गोष्टी 'ताप' या एका शब्दात जात. तरीही साथीची वर्षं ओळखू येतात: पटकी, देवी, १८९६ नंतरचा प्लेग, आणि १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा. 'आजोबा लहान असताना आईवडील एकदमच गेले' असं घरात सांगतात ना, तिथे १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानं सगळ्यांत आधी उघडा.

शाळा रजिस्टर

जनरल रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल तारीख आणि सोडल्याचं कारण असतं. 'मुंबईस गेला' हा शेरा एखाद्या घराण्याच्या स्थलांतराचा पहिला लेखी पुरावा ठरतो. जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी अंदाजाने घातलेली समजा. जिल्ह्याच्या गावांतल्या काही शाळा एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, तेव्हा आजोबांवर थांबू नका. शाळा बंद पडली किंवा दुसरीत मिसळली असेल तर दफ्तर कुठे गेलं ते गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा.

मोडीवाचक

वर्षांचा घोळ आधी मिटवा. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. फसली या महसुली सालात ५९०. शुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांतली अरबी वळणाची कालगणना, अंकांत नसून अरबी शब्दांत असतो आणि त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. एकक, दशक, शतक अशा उलट्या क्रमाने वाचायचं: 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, ११७७, म्हणजे इसवी १७७६-७७. राज्याभिषेक शक असेल तर त्याचं पहिलं वर्ष १६७४ धरून चाला.

मोडीत ओळीची रेघ आधी ओढतात आणि शब्द तोडत नाहीत, म्हणून नवशिक्याने आधी नावं शोधायच्या भानगडीत पडू नये. 'बिन', 'मौजे', 'तर्फ', 'परगणे' हे ठरावीक शब्द डोळ्यांत बसवा, नाव त्यांच्या शेजारीच असतं. ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, श आणि स यांची अदलाबदल होते. 'सिदोजी' आणि 'शिदोजी' एकच माणूस असू शकतो. फोटो काढताना आधी पूर्ण पान, मग ओळी, आणि गठ्ठ्यावरची चिठ्ठी न विसरता. चिठ्ठीचा फोटो नसलेलं पान पुन्हा सापडत नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तराबद्दल स्पष्टच सांगते. तिथले रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) प्रांत, परगणा आणि खात्यानुसार लावलेले आहेत, आडनावानुसार नाही. पूर्वज वतनदार, इनामदार किंवा सरकारी चाकरीत होता याचा एखादा धागा हातात असेल तरच तिकडे वळा. नाहीतर महिने जातील.

२०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींसाठी जुनी महसुली आणि शाळांची दफ्तरं मोठ्या प्रमाणात तपासली गेली, आणि बऱ्याच जिल्ह्यांनी गाववार पानं संकेतस्थळांवर टाकली. जात कोणतीही असो, गावाची ती पानं चाळा, शेजारीपाजारी सगळे त्यात असतात. पण यादीत मिळतंजुळतं नाव दिसलं म्हणजे पूर्वज सापडला असं नाही. आजपासून त्या नावापर्यंत प्रत्येक पिढीला एक कागद हवा.

मराठवाड्यातून

वरचं सगळं मुंबई इलाख्याचं झालं. आमच्याकडे निजामाचं राज्य, त्यामुळे १९४८ च्या आधीचे कागद बरेचसे उर्दूत आणि साल फसली. १९५४ चं खासरा पत्रक (शेतवार नोंदींचं पत्रक) हा इथला पाया धरा. तिथून मागे जायला उर्दू हस्ताक्षर वाचणारा माणूस आधी गाठा, छापील उर्दू येणाऱ्याला घसटलेलं शिकस्ता वाचता येईलच असं नाही. जिल्हा कोणता हेही तपासा: जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये वेगळा झाला, जुनी दफ्तरं काही वेळा मूळ जिल्ह्यातच राहिली. कोकणात सिंधुदुर्गासाठी रत्नागिरीची हीच गोष्ट.

उपाध्ये घराणं, पंचवटी

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या विसरू नका. यात्रेकरू आला की आपलं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे आणि गाव लिहून सही करायचा. पणजोबांचं हस्ताक्षर बघायला मिळण्याची हीच एक जागा अनेक घरांना उरली आहे. रामकुंडावर आडनाव आणि मूळ गाव सांगून आपल्या कुळाचे उपाध्ये कोण ते विचारायचं. राहत्या गावाने शोधू नका, तीन पिढ्यांपूर्वीच्या गावाने शोधा. एकाच नावाची गावं ढिगाने असतात, म्हणून जुना तालुका किंवा तर्फ ठाऊक असलेली बरी. फोटो काढायची परवानगी आधी घ्या आणि जाण्यापूर्वी आपल्या हयात पिढीची नोंद लिहून द्या, वही पुढे चालते ती त्यामुळेच.

घरातलं श्राद्धसुद्धा कागदाइतकं बोलतं. वर्षश्राद्धाची तिथी म्हणजे मृत्यूचा महिना, पक्ष आणि तिथी. फक्त साल राहतं, ते कोतवाल बुकातून मिळतं. पितृपक्षात पणजीचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली. कुणाचं चतुर्दशीला होत असेल तर शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू, द्वादशीला असेल तर त्या पुरुषाने संन्यास घेतला होता. 'पणजोबा घर सोडून गेले' एवढंच ठाऊक असलेल्या घरांनी हे नक्की विचारावं. भटजींच्या संकल्पाच्या वहीत दोन्हीकडच्या तीन-तीन पिढ्या गोत्रासकट असतात.

सातारकर

पलटणीत गेलेल्यांसाठी. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) पडलेल्या मराठ्यांची नोंद बहुधा बसरा मेमोरियलखाली असते. नावाने शोधू नका, इंग्रज कारकुनाने ते कसं लिहिलं असेल सांगता येत नाही. पलटण आणि तालुका यांवरून गाळा: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी, आणि १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ महार. चांगल्या नोंदीत सैनिक क्रमांक, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा हे सगळं येतं. १०३, ११० आणि ११७ कुतच्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतरच्या तारखेचा मृत्यू असेल तर तो तुर्कांच्या कैदेतला असण्याचा संभव मोठा.

१९२२ मध्ये क्रमांक बदलले. ११० ची तिसरी बटालियन झाली, ११७ ची पाचवी. घरातल्या पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासूनपुसून चकचकीत करण्याआधी भिंगाने ती कड वाचून घ्या, अक्षरं झिजली की गेली. जिवंत परतलेल्यांची नावं त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी पेन्शनचे कागद आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

पणजीहून

गोव्यात मूळ असेल तर काम उलट सोपं आहे. पोर्तुगीज नागरी नोंदणीच्या जन्मदाखल्यात आईबापांबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबा लिहिलेले असतात, एका दाखल्यात तीन पिढ्या. तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात विचारा. ख्रिस्ती घरांसाठी त्याआधीची चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं आहेत, हिंदू घरांसाठी कुलदेवतेच्या देवस्थानातली महाजनांची यादी. नावं पोर्तुगीज वळणाची, त्यामुळे 'शेणवी' हे 'सिनाय' होतं आणि 'कामत' हे 'कामोतिम'.

मॉरिशस शोधणाऱ्यांना

रत्नागिरी, सावंतवाडीकडचे पुष्कळ लोक मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेले. त्यांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत: आगमन क्रमांक, जहाज, बापाचं नाव, वय, उंची, जिल्हा, गाव, आणि पुढच्या काळातल्यांचे फोटोही. तिकडचं आडनाव हे बहुधा पहिल्या आलेल्या माणसाचं नाव असतं, म्हणून महाराष्ट्रात ते आडनाव शोधून काही हाती लागत नाही. आगमन क्रमांक आधी मिळवा.

प्रश्न: पणजीचं काय? तिचं माहेरचं नावच कुणाला ठाऊक नाही.

तलाठी दफ्तर

ताई, दुय्यम निबंधक कार्यालयात जा. विधवेला पोटगीची जमीन लावून दिली, बक्षीसपत्र झालं, दत्तक घेतला, तर दस्त नोंदलेला असण्याची शक्यता असते. जमिनीच्या दस्ताची सूची २ (मिळकतीनुसार लावलेली यादी) कुणालाही बघता येते, गाव आणि सर्व्हे नंबर सांगा. मृत्युपत्राची नक्कल ते करणारा वारल्यावर कुणालाही मागता येते, किरकोळ दस्तांच्या पुस्तकाला मात्र निर्बंध आहेत, दस्ताशी संबंध दाखवायला लागतो. दस्ताखाली साक्षीदार असतात आणि बाईच्या दस्ताला भाऊ किंवा मामा साक्षीला येई. साक्षीदाराचं गाव तुमच्या गावाहून वेगळं दिसलं की ते तिचं माहेर असू शकतं, त्या गावच्या वारस नोंदी उघडा.

आणि एकाच नावाचे दोघे आले तर गोंधळू नका. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे राणू बाबाजी आणि बाबाजी राणू हे दर पिढीला उलटसुलट येत राहतात. वय आणि बायकोचं नाव दोन्ही जुळल्याशिवाय माणूस तोच धरू नका.