‘तिशीनंतर ड्रॅगन वाचणं म्हणजे वेळेची नासाडी’ – याला उत्तर द्यायलाच हवं

वाळवी:
काल एकाने साधा प्रश्न विचारला. वाचन सुटलंय, परत सुरू करायला काहीतरी सुचवा. कुणीतरी एक फँटसी कादंबरी सुचवली. त्यावर ‘शिस्तप्रिय’ यांनी शीर्षकातलं वाक्य फेकलं आणि वर आयुष्य बदलणाऱ्या पाच पुस्तकांची यादी दिली. तिथेच उत्तर लिहायला बसले, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, माणसाने पुस्तक मागितलं होतं. माझ्यात काहीतरी बिघडलंय, दुरुस्त करा, असं म्हणाला नव्हता. व्यक्तिमत्त्व विकासवाल्यांना समोरचा प्रत्येक जण अर्धवट तयार झालेलाच का दिसतो?

आणि फँटसी म्हणजे पळवाट, हे तर ठरलेलंच. अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही फँटसी कादंबरी वाचा, 1968 ची आहे, फार जाडही नाही. एक हुशार पोरगा घमेंडीत नको ती विद्या करून बसतो. त्यातून एक सावली मोकळी सुटते. तो तिच्यापासून पळत राहतो आणि मग एका टप्प्यावर उलटा फिरून तिचाच माग काढतो. पुढचं सांगत नाही. आपण केलेलं निस्तरण्याबद्दल याहून नेमकं काही त्या पाच पुस्तकांत असेल तर पान क्रमांक द्या.

शिस्तप्रिय:
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

माझी नोकरी गेली तेव्हा मी दुपारी दोनपर्यंत लोळत असायचो. कपाटात फँटसीचे सात-आठ ठोकळे होते, तेच परत परत वाचत होतो. पळवाट काय असते ते मला शिकवू नका, मी त्यात राहिलोय. बाहेर काढलं ते सवयींवरच्या एका पुस्तकाने. साहित्य म्हणून सुमार, मान्य. पण ‘रोज एकच अर्ज लिही’ एवढं तरी त्याने करून घेतलं. आणि ज्या कप्प्याला तुम्ही हसताय, त्याच कप्प्यात मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकलचं 1946 चं ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ही ठेवतात. नाझी छळछावणीतून वाचलेल्या माणसालाही दुरुस्तीवाला म्हणणार का?

तिरकस:
फ्रँकलच्या आडून बाकीच्यांना आत घेऊ नका. त्या यादीतल्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच आहे, ‘21 दिवसांत नवी सवय’. हे 21 कुठून आले माहितीये? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी 1960 मध्ये लिहिलं. नंतरच्यांनी आधी ‘किमान’ गाळलं, मग चेहराही गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 96 जणांवर अभ्यास केला, तेव्हा 66 दिवसांच्या आसपासचा आकडा निघाला, आणि तोही कुणाला 18 तर कुणाला 254 असा. एवढी जादू तर फँटसीतही खपत नाही.

शिस्तप्रिय:
अभ्यासाचं ठीक आहे. मला अर्ज लिहायला 21 लागले की 254, मी मोजले नाहीत. लिहिले.

घुबड:
भांडण चालू द्या, पण फँटसीवाल्यांनीही फार सोवळेपणा करू नये. मैत्रिणीने मला जॉर्ज मार्टिनची ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाली मालिका हातात दिली. पहिला भाग 1996 चा, पाचवा 2011 चा, सहावा अजून यायचाय! हे तिने कधी सांगितलं? पाचवा संपवल्यावर. पॅट्रिक रॉथफसच्या फँटसी मालिकेचंही तेच, दुसरा भाग 2011 ला आला, तिसरा नाहीच. अपूर्ण मालिका न सांगता सुचवणं ही शुद्ध फसवणूक आहे. सवयीची पुस्तकं निदान संपतात तरी.

संथवाचक:
फसवणूक? लेखकाने तुमच्याकडून उचल घेतली होती का? पाच भाग मनसोक्त वाचलेत ना?

घुबड:
उचल नाही, पण पहिल्या पानावर गोष्ट सांगायला बसलात तर उठून जाऊ नये एवढी साधी अपेक्षा आहे. तुम्ही कधी पंधरा वर्षं एखाद्या पात्राला बर्फात सोडून झोपला आहात का?

संथवाचक:
झोपलोय. ‘व्हील ऑफ टाइम’ ही फँटसी मालिका 1990 ला सुरू झाली, तिचे लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 ला गेले, शेवटचा चौदावा भाग ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाने त्यांच्या टिपणांवरून लिहून 2013 ला आणला. धीर धरणाऱ्याला मिळतं.

घुबड:
म्हणजे मार्टिननी आता नेमकं काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?

संथवाचक:
अत्यंत हीन प्रतिसाद. संपादक इकडे लक्ष देतील का?

मधलंपान:
मालिकांचा वाद आवरा जरा. वडील गेले त्या महिन्यात एका नातेवाइकाने मला सकारात्मक विचारांचं पुस्तक दिलं. दुसऱ्याच प्रकरणात लिहिलं होतं की दुःखी राहणं हा आपलाच निर्णय असतो. मी ते भिंतीवर फेकलं. त्यानंतर टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ दुसऱ्यांदा वाचलं. दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो, त्याला शेवटच्या क्षणी ती टाकवत नाही. घरी परततो, सगळं हिरवंगार होतं, आणि त्याची जखम काही भरत नाही. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर मित्र गमावलेल्या माणसाने हे लिहिलंय. कुठल्याही विकासवाल्याने असा शेवट छापला असता का?

तिरकस:
शेवट फोडलात!! धाग्यावर आधी इशारा देत जा.

मधलंपान:
1955 चं पुस्तक आहे हो. अजून किती थांबू?

शिस्तप्रिय:
मधलंपान, तुमच्या नातेवाइकाची वकिली मी करणार नाही. असं पुस्तक अशा वेळी देणारा मूर्खच. पण त्यावरून सगळा कप्पा जाळायचा असेल, तर घुबड यांच्या मैत्रिणीवरून तुमचाही जाळावा लागेल. फ्रोडोचं मात्र मान्य. तेवढं एक सोडतो.

वाळवी:
केवढं हे औदार्य! मग मीही फ्रँकल सोडते. तसंही तो त्या कप्प्यात चुकून पडलाय. बाकी चार जणांबद्दलचं मत कायम.

घुबड:
ती अर्थसी पूर्ण आहे का, ते सांगा आधी.

वाळवी:
पूर्ण. एकूण सहा पुस्तकं, शेवटची दोन 2001 ला. लेखिका 2018 ला गेल्या.

घुबड:
चालेल. सुरू करते.

संथवाचक:
त्याआधी मार्टिनबद्दलचं ते वाक्य मागे घ्या.

घुबड:
सहावा भाग येऊ दे, लगेच घेते.