सप्टेंबरअखेर खान्देशात रानफुलं बघायला कुठल्या रस्त्याने जावं?

अमळनेरकर_पुण्यात:
राम राम मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी घरी येतोय, आईला एक दिवस गाडीतून रानफुलं दाखवून आणायची आहेत. कासला नेलं होतं मागे, फुलांपेक्षा माणसंच जास्त, म्हणून म्हटलं यंदा आपल्याकडेच बघू. तिचे गुडघे दुखतात त्यामुळे ट्रेक वगैरे नको, गाडीतून किंवा फार तर चार पावलं चालून दिसलं पाहिजे. आणि पुण्याकडे रस्त्याच्या कडेला ती केशरी फुलं असतात ना, ती दिसतील का?

पाटणावाला:
भाऊ, सरळ चाळीसगावला या आणि पाटणादेवी गाठा, १८ किमीच्या आसपास आहे. शेवटचा पट्टा गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातला. तेरडा तेव्हा सरत आलेला असतो पण ओलसर सावलीत सापडतो अजून. झुडपांवर कळलावी दिसली तर गाडी थांबवाच, फूल आधी हिरवट मग पिवळं आणि हळूहळू सगळंच लाल होतं, आणि पानाचं टोक तारेसारखं वळलेलं असतं, तेच आधाराला गुंडाळून ती वर चढते. तोडू मात्र नका, कंद भयंकर विषारी. कन्नड घाटात फुलांसाठी थांबायचं डोक्यातून काढा, मागून गाड्या येतात आणि कडेला जागा नाही.

तापीकाठ:
ती केशरी फुलं म्हणजे कॉसमॉस, मूळचं मेक्सिकोचं, आपलं रानफूल नाहीच ते. हायवेला तुम्हाला घाणेरी आणि गाजरगवत दिसणार, मग लोक म्हणतात खान्देशात काय आहे बघायला! गावरस्ता धरा ना. चोपडा-यावल रोडवरून आडगावकडे मनुदेवीला वळा, बांधावर कुर्डू उभा असतो, तुरा वर गुलाबी आणि खाली चांदीसारखा पांढरा कारण फुलणं खालून वर सरकत जातं. कोवळा असताना आपण भाजी करतो तोच. मधेमधे तरवड पिवळाधमक. आणि कपाशीला नाक मुरडू नका, फूल पहिल्या दिवशी दुधी आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी, एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात. शेतकऱ्याला विचारून मगच आत जा बरं का.

सातपुड्याचा_पाहुणा:
तोरणमाळ कोणी बोललं नाही अजून?? शहादा-म्हसावद-राणीपूर करून सातपायरीचा घाट चढायचा, पाऊस चांगला झाला असेल तर वर गवतात बारीक बारीक फुलं असतात, पण ती गाडीतून दिसत नाहीत, वाकावंच लागतं, आणि अमळनेरहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे काकूंना त्रासच. त्यापेक्षा होळीच्या आधी न्या, पळस फुललेला असतो, काच खाली न करता लांबूनच दिसतो.

अमळनेरकर_पुण्यात:
वा, मग पाटणादेवीच. पळसाला आणायचंच आता तिला, मनुदेवी दिवाळीत बघू. जेवायचं काय तिथे?

पाटणावाला:
डबा आणा, पण उघड्यावर सोडू नका, माकडं आहेत. आणि घटस्थापना कधी आहे ते आधी बघा, नवरात्र लागलं की त्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, मग परत तुमचं कासच. त्याच्या आधी कुठल्याही मधल्या वारी सकाळी लवकर या.