पडणं-आपटणं कसं शूट करतात हे दाखवणारी चांगली डॉक्युमेंट्री सुचवा

मीरा_के: आमच्याकडे फॅमिली कॉमेडी पिक्चर सारखे लागलेले असतात आणि आता मुलीला (वय ९) कळून घ्यायचंय की हे लोक एवढे आपटतात तरी लागत कसं नाही. मेकिंग म्हणून जे काही मिळतं त्यात सगळे एकमेकांचं कौतुक करत बसलेले असतात, काम कुठेच दिसत नाही. खरंच काम दाखवणारं काही आहे का?

निळाकंदील: नेटफ्लिक्सवर 'द मूव्हीज दॅट मेड अस' मधला 'होम अलोन'चा एपिसोड बघा. वॉर्नर ब्रदर्सने बजेटवरून ऐनवेळी हात वर केले आणि मग फॉक्सने पिक्चर उचलला, घराचा आतला बराच भाग एका बंद शाळेच्या जिममध्ये उभारला आणि पाणी भरलेलं तळघर तर तिथल्याच स्विमिंग पूलमध्ये. आणि लागत नाही असं काही नाही हं, स्टंटमन खरेच पडायचे. दिग्दर्शक ख्रिस कोलंबसने सांगितलंय की शूटच्या वेळी ते अजिबात विनोदी वाटायचं नाही, माणूस जिवंत आहे ना हीच धास्ती. फक्त आधी तुम्ही बघून घ्या, सिरीज लहान मुलांसाठी केलेली नाहीये.

फ्रेमबाहेर: त्याच सिरीजमध्ये 'एल्फ' (२००३) पण आहे. बुटक्या एल्फांमध्ये वाढलेल्या माणसाचं काम करणारा विल फेरेल एवढा अवाढव्य दिसतो ना, ते बरंचसं कॅमेऱ्यासमोरच केलंय. त्याचा सेट लहान मापाचा आणि कॅमेऱ्याजवळ, बाकीच्यांचा मोठ्या मापाचा आणि मागे, दोन्हीच्या कडा अशा जुळवायच्या की एकच खोली वाटेल. म्हणजे समोरासमोर बोलताना दिसणारे दोघं खरं तर एकमेकांकडे बघतच नसतात, आपापल्या ठरलेल्या खुणेकडे बघून डायलॉग म्हणतात आणि तरी टायमिंग चुकत नाही! मुलीला हे नक्की दाखवा, घरी मोबाईलवर पण करून बघता येईल.

सुमेध_जो: सेट आणि स्टंट ठीक आहे, पण मला विनोद घडताना बघायचाय आणि तेच कोणी नीट दाखवत नाही. 'मिसेस डाउटफायर'ला (१९९३) कोलंबस एकाच वेळी अनेक कॅमेरे लावायचा, कारण त्यातला हिरो रॉबिन विल्यम्स दर टेकला नवीनच काहीतरी बोलायचा आणि समोरच्याचं पहिलं खरं हसू निसटायला नको. २०२३ मध्ये त्याने सांगितलं होतं की त्या पिक्चरच्या फुटेजची ९७२ खोकी गोदामात पडून आहेत आणि रॉबिनच्या कामाच्या पद्धतीवर त्यातून डॉक्युमेंट्री करायचीय. ती आली तर मी सगळी कामं बाजूला ठेवून बघणार.

मीरा_के: वा, मस्त! एल्फपासून सुरू करतो. सुमेध, जुन्या डीव्हीडींवर वगळलेले टेक असायचे त्यात असं काही सापडेल का?