मदत हवी आहे : आमवाताच्या रक्तात आयएल-१७ वाल्या टी पेशी दिसतच नाहीत

निवडुंग
फ्लो सायटोमेट्री (रंगवलेल्या पेशी लेझरने एकेक करून मोजणं) करणाऱ्यांनी जरा लवकर सांगा, बुधवारी पुढची सँपल्स येतायत. आरए (आमवात) रुग्णांच्या पीबीएमसी (रक्तातून वेगळ्या काढलेल्या लिम्फोसाइट्स आणि मोनोसाइट्स), पीएमए-आयनोमायसिन (पेशी चेतवायला), ब्रेफेल्डिन (बनलेलं प्रथिन पेशीतच अडवायला), पाच तास. इंटरफेरॉन-गॅमा छान येतंय, १४ टक्के. आयएल-१७ए (तेही सायटोकाइनच, म्हणजे पेशींचं संदेश-प्रथिन) मात्र ०.२ च्या वर जात नाही. सहाही रुग्णांत तेच. अँटिबॉडी नवीकोरी आहे. काय चुकतंय?

इंद्रायणी
पेशी ताज्या की फ्रोझन? रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं? आणि ०.२ टक्के कशाचे? सगळ्या लिम्फोसाइट्सचे की सीडी४ पेशींचे (मदतनीस टी पेशींचे)? गेट (कोणत्या पेशी निवडून मोजल्या ते) कळल्याशिवाय नुसत्या टक्क्यावरून काही सांगता येत नाही.

तळटीप
ट्यूब ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) असणार, तिथेच घोळ आहे. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि आयनोमायसिनचं सगळं काम कॅल्शियमवर चालतं. हेपरिनची ट्यूब वापरा, प्रश्न मिटेल.

इंद्रायणी
@तळटीप, अख्ख्या रक्तात स्टिम्युलेशन करत असतील तर हे खरं. पीबीएमसी धुऊन आरपीएमआयमध्ये (पेशी जगवायच्या द्रावणात) गेल्यावर ईडीटीए कितीसं उरणार? शिवाय कॅल्शियम कमी पडलं असतं तर इंटरफेरॉनही पडलं असतं. ते १४ टक्के आलंय, म्हणजे स्टिम्युलेशन लागलंय.

निवडुंग
हेपरिनच. पेशी फ्रोझन. पीएमए ५० नॅनोग्रॅम आणि आयनोमायसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, सगळे वापरतात तेच. गेट: जिवंत, सीडी३ (सगळ्या टी पेशींची खूण), सीडी४, सीसीआर६ (आयएल-१७ वाल्या पेशींवरची खूण) पॉझिटिव्ह, त्यात आयएल-१७. टक्के सीडी४ चे. पॅनेलमध्ये सीडी८ (मारक टी पेशींची खूण) पण आहे. ३० हजार इव्हेंट्स (मोजलेल्या पेशी) घेतले.

सह्यकडा
हे गेट आधी सांगायला हवं होतं. पीएमएने सीडी४ पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढला जातो. जी पेशी जास्त चेतवली जाते तिचा सीडी४ जास्त उतरतो, आणि तुम्हाला हव्या असलेल्या पेशी नेमक्या गेटच्या खाली घसरतात. त्यावर सीसीआर६ ची दुसरी चाळणी! स्टिम्युलेशननंतर सीसीआर६ ही उतरतो, आणि बर्फावर स्टेन केला तर मुळातच फिका येतो. सीसीआर६ हवाच असेल तर त्याची अँटिबॉडी आधी, ३७ अंशांवर लावा. नाहीतर या प्रयोगापुरता सोडून द्या. आयएल-१७ स्वतःच दिसत असताना सीसीआर६ ची खूण कशाला?

जुन्या एफसीएस फायली (मशीनचा कच्चा डेटा) फेकून देऊ नका. सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी८ निगेटिव्ह असं गेट लावून पुन्हा बघा.

औदुंबर
सीडी८ निगेटिव्ह म्हणजे सीडी४ नव्हे. त्यात गॅमा-डेल्टा टी पेशी (वेगळ्या टीसीआरच्या, म्हणजे वेगळ्या रिसेप्टरच्या) येतात, आणि त्याही आयएल-१७ बनवतात. पुढच्या वेळी गॅमा-डेल्टा टीसीआरची अँटिबॉडी घालून त्या वगळा. किंवा सीडी४ ची अँटिबॉडी पर्मिअबिलायझेशननंतर (पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडल्यावर) लावा, आत गेलेला सीडी४ही रंगतो. फक्त तुमच्या अँटिबॉडीचा क्लोन फिक्सेशननंतर (पेशी रसायनाने स्थिर केल्यावर) चालतो का ते डेटाशीटवर तपासा.

सह्यकडा
मान्य. पण हातात असलेल्या फायलींवर आज करता येण्यासारखं तेवढंच आहे.

रातराणी
माफ करा, विषय थोडा वेगळा आहे. रक्ततपासणीत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात पक्का का? हळदीने या पेशी शांत होतात असं वाचलं.

औदुंबर
@रातराणी, नाही. हेपटायटिस सी मध्ये आणि काही निरोगी वयस्कर माणसांतही आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी जास्त नेमकी चाचणी आहे, पण निदान सांधे तपासूनच होतं. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं, औषधाऐवजी त्यावर विसंबू नका. एक कळकळीचं: मेथोट्रेक्सेट (आमवाताचं औषध) लिहून दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. बाकीचं ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला विचारा.

तळटीप
मुळात आरएमध्ये आयएल-१७ च्या मागे का लागलात? सेक्युकिनुमॅब (आयएल-१७ए अडवणारं औषध) सोरायसिसमध्ये आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये चाललं, आरएसाठी त्याला मान्यता नाही. सांध्यात पीडी-१ भरपूर आणि सीएक्ससीआर५ नसलेल्या (दोन्ही पेशीवरच्या खुणा) सीडी४ पेशी सापडतात, २०१७ मध्ये वर्णन झालेल्या 'पेरिफेरल हेल्पर'. त्या बी पेशींना मदत करतात. त्या बघा.

इंद्रायणी
औषध चाललं नाही म्हणून पेशी मोजायच्या नाहीत असं कसं? प्रश्न स्टेनिंगचा आहे. @निवडुंग, फ्रोझन पेशी थॉ केल्यावर लगेच स्टिम्युलेट केल्या का? आणि रुग्ण कोणत्या औषधांवर होते?

निवडुंग
थॉ करून तासाभरात. औषधांची नोंद माझ्याकडे नाही, ओपीडीतून मागवावी लागेल. सीडी८ निगेटिव्ह गेटने आता ०.६ ते ०.९ येतंय!! पण पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हची सीमा पुसट आहे.

इंद्रायणी
रक्तात साधारण १ टक्क्याच्या आसपासच अपेक्षित असतं, त्यामुळे आकडा रास्त आहे. पण इव्हेंट्स मोजा: ३० हजारांत सीडी४ समजा १२ हजार, त्याचे ०.७ टक्के म्हणजे ८४ पेशी. यावरून दोन रुग्णांची तुलना करू नका. निदान १ लाख सीडी४ इव्हेंट्स घ्या. सीमा पुसट असेल तर एफएमओ (एक रंग सोडून बाकी सगळे लावलेलं कंट्रोल) लावा, आणि त्याच रुग्णाच्या पेशी स्टिम्युलेशनशिवाय, पण ब्रेफेल्डिनसह, पाच तास ठेवा. डेड सेल डाय साध्या पीबीएसमध्ये लावता ना? सीरम असेल तर डाय त्यातल्या प्रथिनांनाच चिकटतो आणि मेलेल्या पेशी आयएल-१७ सारख्या चमकतात. थॉनंतर रात्रभर १० टक्के सीरम असलेल्या आरपीएमआयमध्ये विश्रांती द्या, ब्रेफेल्डिन दुसऱ्या दिवशी. ब्रेफेल्डिन रात्रभर ठेवलं तर पेशी मरतात.

कावेरी
इतकी यातायात कशाला, एलायझा (द्रावणातलं प्रथिन मोजणारी चाचणी) करा. टी पेशी चेतवणारे अँटी-सीडी३/सीडी२८ मणी, तीन दिवस, वरचं द्रावण काढा.

सह्यकडा
एलायझाने किती आयएल-१७ तयार झालं ते कळेल, कोणत्या पेशीने केलं ते नाही. आणि करणारच असाल तर त्यात ब्रेफेल्डिन घालू नका, सायटोकाइन बाहेरच पडणार नाही.

निवडुंग
डाय दोन टक्के एफबीएसमध्ये (वासराचं सीरम) लावत होतो. बदलतो. मंगळवारी थॉ, बुधवारी स्टिम्युलेशन. सांध्यातला द्रव पण मिळणार आहे दोघांचा, तो फार चिकट असतो, फायकॉलवर (पेशी वेगळ्या करायचं जड द्रावण) बसेल?

औदुंबर
आधी हायलुरोनिडेज (चिकटपणा तोडणारं एन्झाइम) घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा, मग धुऊन फायकॉल. आणि स्टेरॉइड कोणाला, किती मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटचा वार कोणता, हे त्याच दिवशी ट्यूबच्या फॉर्मवर लिहून घ्या. मागून ओपीडीतून मिळत नाही.