आघाडीवर जेमतेम सात आठवडे, आणि म्हणे युद्धकादंबरी!

गप्पिष्ट
आपल्या वाचनगटाच्या बैठकीनंतर उभाआडवा यांनी लिहिलं : "जर्मन लेखक रेमार्क आघाडीवर जेमतेम सात आठवडे होता. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही त्याची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी म्हणजे ऐकीव गोष्टींचं गाठोडं. आपण उगाच गहिवरलो." गप्प बसायचं ठरवलं होतं, राहवत नाही.

तारखा बरोबर आहेत हो. जून 1917 मध्ये गेला, 31 जुलैला तोफगोळ्याचे तुकडे लागले, पुढे बराच काळ दुइसबुर्गच्या लष्करी इस्पितळात. पण तिथे शेजारच्या खाटांवरून जे कानावर पडलं, ते काय वाया गेलं? अमेरिकी कादंबरीकार स्टीफन क्रेन अमेरिकी यादवी संपल्यावर सहा वर्षांनी जन्मला, तरी त्या युद्धावर लिहिलंच ना? तॉलस्तॉयचा जन्म 1828 चा, आणि 'युद्ध आणि शांती'त त्याने रंगवलेली नेपोलियनविरुद्धची बोरोदिनोची लढाई 1812 ची. त्याचाही हजेरीपट मागवायचा का?

कादंबरीतल्या केमरिख या सैनिकाचा पाय कापलाय, तो मरणार हे सगळ्यांना दिसतंय आणि त्याचा सोबती म्युलर याचा डोळा त्याच्या पिवळ्या मऊ कातड्याच्या बुटांवर. म्युलर दुष्ट नाही, बूट चांगले आहेत एवढंच. पुढे म्युलर जातो, बूट कथा सांगणाऱ्या पाउलकडे येतात. हे लिहायला आघाडीवर नेमके किती आठवडे लागतात, सांगा.

उभाआडवा
तॉलस्तॉय तुमच्यावरच उलटतो. तो स्वतः क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला तोफखान्यात होता, तोफा कशा वाजतात ते त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

आणि माझा राग जाहिरातीवर आहे. 1929 मध्ये उल्श्टाइन या प्रकाशनसंस्थेने पुस्तक खपवलं ते 'हा साधा सैनिक, लेखक नव्हेच' असं भासवून. गडी त्याआधीच नियतकालिकाचा संपादक राहिलेला, आधीच्या कादंबऱ्या छापून झाल्या होत्या! जर्मन सैनिक-लेखक एर्न्स्ट युंगर बघा. इस्पितळातले मुक्काम सोडले तर 1914 च्या अखेरीपासून ऑगस्ट 1918 पर्यंत आघाडीवर, अंगावर चौदा जखमा. त्याला युद्धात थरारही सापडला. त्याचं नाव आपल्या यादीत कधी येत नाही, कारण तो आपल्याला सोयीचं बोलत नाही.

गप्पिष्ट
'हा लढलाच नाही' हे पालुपद आधी कोणी लावलं होतं, आठवतंय ना? डिसेंबर 1930 मध्ये बर्लिनला याच कादंबरीवरचा चित्रपट लागला तेव्हा नाझी नेता गोबेल्सच्या पोरांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले. मे 1933 मध्ये पुस्तक जाळलं.

उभाआडवा
म्हणजे मी आता नाझी? वा. तारीख तपासली की माणूस थेट होळीपाशी नेऊन उभा करायचा. अशानेच निम्मे लोक बैठकीत तोंड उघडत नाहीत.

मंजिरी
भांडा तुम्ही. मला शेवट फार भिडला. युद्धबंदीच्या अकराच्या ठोक्याला काही क्षण उरलेले आणि पाउल जातो. त्या रेल्वेच्या डब्यातल्या वाटाघाटीही किती थंडपणे लिहिल्यात!

जुनाट
कितव्या पानावर?

जुनाट
उत्तर नाही, म्हणून मीच सांगतो. असलं पानच नाही. पुस्तकात पाउल ऑक्टोबर 1918 मध्ये जातो. त्या दिवशी आघाडी इतकी शांत, की लष्कराचा अहवाल एका वाक्यात आटोपतो. डबा, वाटाघाटी, अकराचा ठोका हे सगळं 2022 च्या चित्रपटातलं. दर वेळी हेच! पडद्यावर बघून यायचं आणि 'किती सुंदर लिहिलंय' म्हणायचं. आम्ही काय मूर्ख म्हणून रात्री जागून वाचतो?

मंजिरी
हो, चित्रपट पाहिला. नोकरी, दहावीतला मुलगा, अंथरुणावर सासूबाई. रात्री जागायचं तर मी रोजच जागते, पण पुस्तकासाठी नाही. हजेरी घेणार असाल तर नाव काढून टाका.

गप्पिष्ट
नाव कोणी काढत नाहीये. पण मंजिरी, त्या चित्रपटाने पाउलची सुट्टीच गाळलीय. माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथे आहे. आई आजारी, वडिलांना लढाईच्या गोष्टी हव्यात, आणि खुर्चीत बसलेले लोक त्याला पॅरिसपर्यंत कसं पोहोचायचं ते शिकवतात. स्वतःची पुस्तकं मांडणीवर दिसतात, पण एकही त्याच्याशी बोलत नाही.

कुमुद
इतके दिवस नुसती वाचत होते. माझे वडील फौजेत होते. सुट्टीवर आले की शेजारचे काका चहाचा कप हातात धरून विचारायचे, "मग, किती उडवले?" वडील सांगायचे, "मी भांडारात हिशेब लिहितो." ते भांडारात कधीच नव्हते. उभाआडवा, सुट्टीचं ते प्रकरण ऐकीव असेलही. आमच्या ओसरीवर तेच घडत होतं.

उभाआडवा
आता वडिलांना आणल्यावर मी काय बोलणार? सुट्टीचं प्रकरण तुमचं, घ्या. पण तिथे आघाडी नाहीच, म्हणजे ते लिहायला सात आठवडेही जास्तच झाले. जाहिरात मात्र खोटी ती खोटीच. आणि पुढच्या वेळी युंगर.

गप्पिष्ट
युंगरला माझं मत. वाचून भांडता तरी येईल.

मंजिरी
सुट्टीचं प्रकरण वाचलं. केमरिखची आई शपथ घालते, आणि पाउल शपथेवर खोटं सांगतो की तो क्षणात गेला, त्रास झाला नाही. त्या पानापुढे गेले नाही, बाकीचं जमेल तेव्हा वाचीन. आणि जुनाटकाका, मागच्या पुस्तकाची शेवटची पानं तुम्ही नुसती चाळली होतीत. नायिकेचं नाव बैठकीत दोनदा चुकलात. तेव्हा आम्ही कोणी पान नंबर विचारला नव्हता.