सेव्हची आज्ञा आत्ता, फाईल थोडी उशिरा

ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्ये सेल नावाच्या तुकड्यांत कोड चालवायची सोय) कोडमधूनच सेव्ह कशी करायची आणि तिचं नाव कसं बदलायचं, असा प्रश्न आहे. त्यावर सुचवलेला, जावास्क्रिप्टच्या सेलमधून नोटबुक ऑब्जेक्टचं सेव्ह-चेकपॉइंट (सेव्ह करणारं फंक्शन) बोलवायचा उपाय जुन्या ज्युपिटरवर मस्त चालायचा. पण ज्युपिटरलॅब (ज्युपिटरचं नवं रूप) आणि 2023 मध्ये आलेलं नोटबुक 7 यांत तो ऑब्जेक्टच उरलेला नाही. लॅबमध्ये आयपायलॅब हे (पायथनमधून लॅबला कमांड देणारं) पॅकेज घालून ‘डॉकमॅनेजर:सेव्ह’ ही कमांड द्यावी लागते. खरी गोची त्यानंतर. मी पुढच्याच ओळीत फाईलची कॉपी घ्यायचो आणि बॅकअपमध्ये हमखास शेवटचे दोन आलेख गायब! सेव्ह करतो ब्राउझर; कर्नल (मागे कोड चालवणारा भाग) नुसता निरोप धाडतो आणि पुढे पळतो. म्हणून आता फाईल शेवटची कधी बदलली ती वेळ आधी टिपून ठेवतो, ती पुढे सरकेपर्यंत लूपमध्ये अर्धा-अर्धा सेकंद थांबतो, मगच कॉपी.

नाव बदलायला पायथनचं ओएस.रीनेम फंक्शन वापरा असंही कुणीतरी म्हटलंय. करून पाहिलंय, नको. डिस्कवर नाव बदलतं, पण उघड्या टॅबला त्याचा पत्ता नसतो. माझ्याकडे दोन मिनिटांनी ऑटोसेव्ह झालं आणि जुन्या नावाची फाईल पुन्हा हजर. आता सेव्ह झालं की तारखेच्या नावानं नुसती प्रत काढतो, मूळ फाईलला हात लावत नाही.